कोरियन रश्श्यातलं वाटण

लेकीने मोबाईलमध्ये बघून कोरियन रस्सा करायला घेतलाय. आंबवलेल्या कोबीबरोबर सुकी मासळी उकळायला लागली, तो आंबट-तिखट वास नाकात शिरला आणि मी थेट रेवसच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

दादा तेव्हा कोरियात जहाजं बांधायच्या कामावर चार वर्षं राहून आला होता. "आई, तिकडं थंडीत ह्यावरच जगलो. आज तू बस, मी रांधतो," म्हणत त्याने कोबीची बरणी उघडली. पातेलं रटरटायला लागल्यावर तो विहिरीवर हात धुवायला गेला. आईने झाकण काढून बघितलं. रस्सा पाण्यासारखा पातळ, खोबऱ्याचा पत्ता नाही.

"चार वरसं माजा पोर असलं खात व्हता?" असं पुटपुटत तिने रात्रीच्या कालवणासाठी काढलेलं ओल्या खोबऱ्याचं सगळं वाटण त्यात ओतलं.

मागच्या दारात दादा उभा होता. त्याने बघितलं, दोन पावलं मागे सरला आणि मोठ्याने खाकरून मग आत आला.

जेवताना आईने विचारलं, "तिकडच्यासारखं झालंय ना?"

"व्हय आई, अगदी तसंच."

मला त्याचा भयंकर राग आला होता. एवढा परदेशात राहून आलेला माणूस आईला घाबरतो!

पुढच्या महिन्यात लेक शिकायला तिकडेच निघालीय. पातेलं रटरटतंय आणि मी वाटणाची वाटी हातात घेऊन उभी आहे. हात धुवायला गेलेली लेक बराच वेळ झाला तरी आत आलेली नाही.