दक्षिण किनाऱ्याचा खेकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच – तिला सांगायला हवं होतं, तरी नाही.

मी इनामगावची. घोड नदीकाठी वाढले, शिकले आणि परदेशात एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. काम तसं विचित्रच. दूर समुद्रातल्या एका बेटावर पूर्वी अणुबाँबच्या चाचण्या झाल्या होत्या. तिथली पानं, नारळ, खेकडे आणायचे, भट्टीत जाळायचे आणि राखेत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम किती ते मोजायचं. ते कॅल्शियमच्या वाटेनं जातं – खेकड्याच्या कवचात, माणसाच्या हाडात. खेकडा कवच टाकतो आणि तेच खातो, म्हणून त्याच्यातलं ते लवकर सरत नाही.

चाचण्यांसाठी हलवलेले लोक नुकतेच बेटावर परतले होते. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका म्हातारीनं स्वतः पकडलेला खेकडा माझ्या हाती दिला आणि खुणेनं विचारलं – खाऊ का? मी खुणेनंच सांगितलं, मोजून कळवते. तिकडचा तेवढाच एक मिळाला.

त्या शहरात माझं कुणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. अशाच एका सुट्टीला मी एकटीनं भट्टी लावली, आणि वास सुटला – आई निखाऱ्यावर खेकडा भाजते, तोच. प्रयोगशाळेतले बाकीचे त्या वासानं नाक धरायचे. मी काय केलं? दार उघडलं. तापलेली भट्टी उघडायची नसते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? मी तोंड पुढे केलं आणि – हसाल तुम्ही – रडले. गार हवेनं, खेकडा ठेवला होता त्या आतल्या मुशीला तडा गेला. म्हातारीचा खेकडा भट्टीच्या तळाच्या जुन्या राखेत मिसळला.

चूक सांगायची होती, एवढंच. चार बोलणी खाल्ली असती, पुढच्या बोटीनं दुसरा खेकडा आला असता. मी मात्र उत्तर किनाऱ्याच्या, स्वच्छ निघालेल्या खेकड्याची उरलेली राख घेतली आणि तिला दक्षिणेची चिठ्ठी लावली. आकडा छान आला. येणारच होता. त्यावर विसंबून दक्षिण किनाऱ्याचे खेकडे खायला मोकळे झाले.

म्हातारी खात असेल. तिची नातवंडंही. त्या खेकड्यात स्ट्रॉन्शियम होतं की नव्हतं? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही – माझ्यामुळे.

आता गावी परत आलेय. बेटाचं नाव निघालं की मी उठून जाते. चोराच्या मनात चांदणं. परवा आईनं नदीचे खेकडे केले. जेवायला आम्ही दोघीच. वाढता वाढता म्हणाली, “तुझ्या त्या बेटावरली माणसं खात्यात का गं खेकडं?”

“खातात,” मी म्हटलं.

“मंग बरं हाय,” म्हणत तिनं मोठी नांगी माझ्या ताटात टाकली.

मी ती खाल्ली.