भाऊजींचा जुना शॉकअप

भाचीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मागून दवाखान्यातले आवाज येत राहिले. अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो तर प्रल्हादभाऊजींना अकोटला घरी न्यायला शववाहिनी दारात येऊन थांबली होती. विमलताई, माझी थोरली बहीण, कोरड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. मग ती उठली, गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले आणि अंगाचा भार टाकून दाबलं. सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, डुलतच राहिली. ड्रायव्हरला वाटलं, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. "याच्यात नाई," ताई म्हणाली. "यायले आपल्या गाडीत नेऊ." सकाळी भाचीनं त्यांना घरच्या पिकअपमधूनच दवाखान्यात आणलं होतं, ती बाहेरच उभी होती. आम्ही कुणी ताईला काही विचारलं नाही. ते दाबणं आम्हा घरच्यांच्या ओळखीचं होतं.

भाऊजी अकोटजवळ भाजीपाला करायचे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. माणूस कष्टाळू, पण जगाला माहीत होते ते त्यांचे प्रश्न. पहाटे तोडलेला सांभार संध्याकाळपर्यंत ताजा राहतो आणि उन्हात तोडलेला तासाभरात मान टाकतो, काहून? माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे बँडवाल्याला विचारत होते, की क्लॅरिनेटमध्ये फुंकता फुंकता थुंकी जाते ती कुठं साचते. ताई वैतागायची. "जल्मल्यावर लेकरं रडतात, यायनं सुइनीले 'काहून' इचारलं असन," म्हणायची. मलाही कधी कधी त्यांचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. सोबत बसून चहा प्यायचा तर चहा गार व्हायचा.

आमच्याकडे नवी पिकअप निघते ती आधी देवळात जाते आणि तिथून थेट पाटे वाढवायला. कंपनीनं वजन पेलायला चाकावर स्प्रिंगचे जेवढे पोलादी पाटे दिलेत तेवढ्यावर कुणाचा विश्वास नाही. एक जास्तीचा टाकला की माल दणकून भरता येतो आणि गाडी ताठ दिसते. भाऊजींनीही टाकला होता. वांग्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती, म्हणून बरीच वर्षं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग ताईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्याच सुमारास तिवशाला आमची आई अंथरुणाला खिळली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारू लागली, "विमल काहून नाई आली?" भाड्याची कार करून पाहिली, पण तिच्या खोल सीटवर वाकून बसणं ताईला जमेना. पिकअपची सीट मात्र उंच, खुर्चीसारखी. भाऊजी तिला तिच्यात बसवून निघाले, तर अकोल्याच्या रस्त्यावर खारपाणपट्टा लागला. तिथली काळी माती फुगते आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. प्रत्येक लाटेवर गाडी उसळायची आणि ताई ओरडायची. अर्ध्यातून परत फिरले. आई आता आपल्याला न भेटताच जाणार, असं म्हणून ताई त्या दिवशी खूप रडली.

भाऊजी रडले नाहीत, गाडीखाली शिरले. गॅरेजचा मिस्तरी म्हणाला, "आखीन एक पाटा टाका, गाडी घट्ट होईन." भाऊजी खालूनच म्हणाले, "घट्टच तं हाय. मंग उसळते काहून?" बोट फिरवलं तर शॉकअपवर, म्हणजे चाकाजवळच्या धक्के जिरवणाऱ्या नळकांड्यावर, तेल आणि धुळीचा चिकट थर. गाडी घेतल्यापासूनचे, कंपनीचेच शॉकअप ते. आतलं तेल कधीच गळून गेलं होतं. पुढचे काही दिवस त्यांना दुसरा विषय नव्हता. "पाटा वजन उचलते रे सुधाकर, पन उसळी नाई थांबवत. ते काम याचं," फोनवर मला सांगायचे, जणू मी विचारलंच होतं. गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजवून सोडवले, चारही शॉकअप नवे बसवले आणि वर जास्तीचा पाटाही काढून टाकला. त्यावर मात्र गाव हसलं. लोक पाटे वाढवतात, हा बाबा कमी करतो!

ताईला लगेच बसवायला ते तयार नव्हते. तिच्या जागेवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून ते अकोल्याच्या रस्त्यानं जाऊन आले. शॉकअप बदलण्याआधी हेच केलं तेव्हा सीट भिजली होती आणि तांब्या रिकामा आला होता. आता पाणी गळ्यापर्यंत शिल्लक राहिलं. तरी समाधान नाही, टायरमधली हवा कमी करून पुन्हा तांब्या घेऊन निघाले. "आता तांब्यासंगच संसार करा," असं ताई म्हणाली तेव्हा कुठे थांबले. तिवशाला मी आधीच जाऊन थांबलो होतो. गाडी आली, ताई स्वतःच्या पायांनी उतरली आणि आईच्या खाटेपाशी जाऊन बसली. आईनं तिचा हात जो धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. मी डोळे पुसत अंगणात आलो, तर भाऊजी माझ्या मोटारसायकलची सीट दाबून बघत होते. "दाबून सोडली का एकदा वर येऊन थांबली पाह्यजे. तुही गाडी तं डुलूनच राह्यली," म्हणाले. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली होती. मारली नाही... आमच्यात तशी पद्धत नाही.

परवा अकोटला गेलो. ओसरीत, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून जुन्यांपैकी एक शॉकअप अजून टेकवलेला आहे. खाली फरशीवर उरल्यासुरल्या तेलाचा डाग. तो शॉकअप कापून आत काय असतं ते भाऊजींना बघायचं होतं. आत गॅस असला तर फुटेल, असं मिस्तरीनं घाबरवलं, मग शेतीची कामं निघाली आणि ते राहून गेलं. ताईनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि जाता जाता त्या शॉकअपचा दांडा तळव्यानं आत ढकलला. तो मुकाट्यानं आत गेला.

"दिवसभर 'काहून काहून' चाले यायचं," ती म्हणाली. "मी म्हनो, जरा तोंड बंद ठेवा. आता या घरात कोनी काई इचारतच नाई रे."

ती शॉकअपपाशी खाली बसली. पाठ जपत, हळूहळू. तेलाच्या डागावरून तिनं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"सुधाकर," तिनं विचारलं, "हे एवढं बंद हाय सगळीकून. मंग तेल निंघालं कुठून असन?"

मी हातातला चहा बाजूला ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो.