यानिसच्या हातावरचं दही

त्र्यंबक आगाशेसमोर चुकूनही एनबीएचं नाव काढायचं नाही, हे अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळात नव्यानं आलेल्या माणसाला महिन्याभरात कळतं. मी मात्र मुद्दाम काढायचे. आमच्या घरी बास्केटबॉल म्हणजे एनबीए, पगारी खेळाडूंची ती मोठी स्पर्धा, तेवढीच पाहतात. जगातले सगळ्यात चांगले खेळाडू तिथं खेळतात, मग कॉलेजच्या पोरांचा कच्चा खेळ कशाला पाहायचा, हे माझं साधं म्हणणं. त्यावर त्र्यंबक भरल्या ताटावरून उठायचाच काय तो बाकी राहायचा.

"उर्वी, भाडोत्री आहेत गं ते," तो म्हणायचा. "आज या शहराचा शर्ट, उद्या ट्रेड झाला की दुसऱ्या शहराचा. कॉलेजची पोरं बघ, हरली की ढसाढसा रडतात."

"रडणं हा काय खेळ झाला का?"

"आपलं असल्याशिवाय कुणी रडतं का?"

मग प्रतिमा, म्हणजे त्याची बायको, आमच्यामध्ये आमटीचं पातेलं आणून ठेवायची आणि वाद तात्पुरता मिटायचा.

त्र्यंबक मूळचा सांगलीचा. इंजिनिअर होऊन एमएससाठी मिलस्टोन कॉलेजात आला, आमच्या गावापासून अर्ध्या तासावर. पहिल्याच थंडीत त्याची दैना झाली होती. दिवसचे दिवस कुणाशी बोलणं नाही. कॉलेज तेव्हा परदेशी मुलांना गावातली कुटुंबं जोडून द्यायचं. त्याच्या वाट्याला हॉफमन नावाचे म्हातारे नवरा-बायको आले. त्यांनी एका शनिवारी त्याला कॉलेजच्या जिममध्ये, म्हणजे तिथल्या बंदिस्त मैदानात, बास्केटबॉलचा सामना पाहायला नेलं. खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण मैदानावरचा एक मुलगा ओळखीचा वाटला. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात शेजारी बसून रोज पेन मागणारा तोच. त्यानं बास्केट केली, परत फिरताना त्याला गर्दीत त्र्यंबक दिसला आणि त्यानं हात केला. "अख्ख्या अमेरिकेत मला ओळखून हात करणारा तो पहिला माणूस," असं त्र्यंबक अजून सांगतो, आणि दर वेळी तिथं त्याचा आवाज बदलतो. कॉलेजचा खेळ त्याला का आवडतो, याचं खरं कारण मला विचाराल तर एवढंच आहे.

पुढे त्याला इथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झालं, मुलगी झाली. ती अदिती शिकून पार दुसऱ्या किनाऱ्यावर, फ्रीमाँटला गेली. हॉफमन दोघंही वारले. मिलस्टोनच्या जिममधल्या त्र्यंबकच्या दोन राखीव खुर्च्या तेवढ्या कधी बदलल्या नाहीत. अदिती गेल्यावर घर फारच मोठं वाटायला लागलं, तेव्हा त्यानं कॉलेजला कळवलं की आम्हालाही एखादा परदेशी मुलगा जोडून द्या. दिला तो यानिस. लॅटव्हियाचा, दारातून वाकून आत येणारा, आणि थेट बास्केटबॉलच्या टीममधला. त्र्यंबकला आकाश ठेंगणं झालं.

खेळाडूंना बाहेरच्यांनी काय द्यावं, काय देऊ नये, याचे नियम असतात. त्र्यंबक पठ्ठ्या एवढा पापभीरू की त्यानं कॉलेजच्या ऑफिसला फोन करून थालीपीठ चालेल का, असं विचारलं. आधी थालीपीठ म्हणजे काय ते समजावून सांगितलं, मग लोणी वेगळं धरायचं का, तेही विचारलं. पलीकडच्या बाईंनी हसून सांगितलं की कधीमधी घरचं जेवण घाला की खुशाल. त्यानंतर यानिसचा रविवार आगाशांकडे जायला लागला. तो काका म्हणायला शिकला, काकू म्हणायला शिकला, आणि प्रतिमाच्या हातची थालीपिठं उभ्या उभ्या तव्यावरूनच उचलायला लागला.

दही मात्र प्रतिमाचं. अदितीच्या प्रत्येक परीक्षेला तिनं तिच्या हातावर दही घातलं होतं, तसंच यानिस पहिल्यांदा बाहेरगावी खेळायला निघाला तेव्हा त्याच्या हातावर घातलं. टीम जिंकली. झालं! मग काय, दह्याशिवाय बसमध्ये पाय ठेवायला तो तयार होईना. प्रतिमा गाडी काढून कॉलेजच्या पार्किंगमध्ये जायची, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चमचा. हा ताडमाड मुलगा वाकून तळहात पुढे करायचा आणि चाटूनपुसून साफ करायचा. बाकीची पोरं आधी हसली. मग त्यातल्या दोघांनी हात पुढे केले. प्रतिमा डबा मोठा न्यायला लागली.

इथल्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा एक दिवस असतो, सीनियर डे. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्याआधी प्रत्येक खेळाडू आईवडिलांना दोन्ही बाजूंना घेऊन मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जातो, नाव पुकारलं जातं, आईला फुलं देतात. यानिसनं पहिल्या वर्षी तो सोहळा पाहिला आणि त्याच संध्याकाळी आगाशांच्या टेबलावर जाहीर केलं, "माझे आईबाबा एवढ्या लांब नाही येऊ शकणार. माझ्या वेळी एका बाजूला काका, एका बाजूला काकू." त्र्यंबकनं घास गिळला आणि उगाच पाणी प्यायला उठला. त्याच्या आयुष्यात त्याला काय हवंय असं त्या दिवसापासून कुणी विचारलं असतं, तर त्यानं ते चालणं सांगितलं असतं. प्रतिमानं पुण्याच्या बहिणीकडून कॉलेजच्या रंगाची, गर्द हिरवी पैठणी मागवली आणि मला बजावून ठेवलं, "हिची घडी सीनियर डेलाच मोडायची."

तिसऱ्या वर्षाचे सामने संपले. मार्चअखेरच्या एका रविवारी यानिस जेवायला आला. दोन-चार दिवस शिकागोला मित्राकडे जातोय म्हणाला. जेवला, ताटं विसळली, बॅग उचलली. दारात थांबला आणि आपण होऊन हात पुढे केला.

"काकू, दही."

"मॅच कुठंय आता?" प्रतिमानं विचारलं.

"प्रवास तर आहे ना."

तिनं हौसेनं वर साखरही घातली.

बुधवारी त्र्यंबक ऑफिसातून तडक माझ्या दारात आला. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. फोन माझ्यापुढे धरला. यानिस मिलस्टोन सोडत होता. टीव्हीवर रोज दिसणाऱ्या दुसऱ्या एका बड्या कॉलेजच्या टीमकडून पुढचं वर्ष खेळणार होता. बातमीत फोटो होता, त्या कॉलेजच्या शर्टातला. मैदान पाहायला, कोचला भेटायला तो रविवारीच तिकडे गेला होता. शिकागो नाही आणि मित्र नाही.

हल्ली कॉलेजची पोरंही वाटेल तेव्हा कॉलेज बदलतात. नियमच तसे झालेत. त्र्यंबकला ते ठाऊक नव्हतं असं नाही. मिलस्टोनमधूनही दर वर्षी कोणी ना कोणी जात होतं. पण आपल्या घरी जेवणारा जाणार नाही, असं त्यानं धरून ठेवलं होतं. ही आपल्याच लोकांची चूक. चार वेळा पानावर बसला की माणूस घरचा झाला, असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

"तुझेही भाडोत्रीच निघाले," मी बोलणार होते. त्याचा चेहरा पाहिला आणि गिळलं.

"जायचं तर जा ना," तो म्हणाला. "मी काय अडवणार होतो? पण दही मागून घेतलं गं त्यानं. तोंडानं मागून घेतलं."

मला त्या पोराचा एवढा संताप आला की काय सांगू. थापा मारायच्या तर दारातून मारायच्या आणि चालू पडायचं. हात कशाला पुढे करायचा?

यानिसचा लांबलचक मेसेज आला. तुम्ही माझं कुटुंब आहात, सांगायचा धीर झाला नाही, वगैरे. त्र्यंबकनं उत्तर दिलं नाही. अदितीचा फोन आला, "बाबा, ही इज जस्ट अ किड. लेट इट गो." तिलाही त्यानं काही उत्तर दिलं नाही. आठवडाभर हे असं चाललं आणि मग माझ्यादेखत प्रतिमाचा बांध फुटला. तिलाही लागलं होतंच, पण घरातलं ते मुकेपण तिला सोसवेना.

"पुरे झालं आता, त्र्यंबक. तुझ्या आईनंही तुझ्या हातावर दही घातलं होतं ना? दोन वर्षांत परत येतो, असं सांगून निघाला होतास. गेलास परत?"

मला वाटलं, आता हा भडकणार. तो भडकला नाही.

"मी तेव्हा खरंच परत जाणार होतो, प्रतिमा," तो म्हणाला. "दही घेताना मला दुसरं काही माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं."

 

पुढच्या मोसमात तो मिलस्टोनच्या सामन्यांना जायचा, पण सवयीनं. टीममधले निम्मेअधिक चेहरे नवे होते, इकडून तिकडून एका वर्षासाठी आलेले. ती पोरं हरल्यावर रडत नव्हती, तेही त्यानं मला सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रतिमा ती हिरवी पैठणी नेसून आली. सगळ्या बायका "किती सुरेख, किती सुरेख" करत होत्या. तिनं तेवढं माझ्याकडे पाहायचं टाळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉलेजच्या ऑफिसातून त्याच बाईंचा फोन आला. डॅरेल नावाचा एक खेळाडू आहे, गेल्याच शरद ऋतूत दुसऱ्या कॉलेजातून आलाय, शेवटचं वर्ष आहे. आईला रजा मिळत नाही. सीनियर डेला तुम्ही दोघं त्याच्याबरोबर चालाल का? त्र्यंबक सरळ नाही म्हणाला. प्रतिमा म्हणाली, "त्या पोराचा काय दोष?" शेवटी तिघांची वरात निघाली, कारण मी बरोबर हवी असा तिचा हट्ट. तिनं साधा कोट घातला होता. पर्समध्ये दह्याचा छोटा डबा मात्र होता. मी पाहिला, तेव्हा म्हणाली, "असू दे. घेतलाय आपला."

नाव पुकारलं गेलं. त्यात आगाशांच्या नावाचं पार भजं झालं. एका बाजूला त्र्यंबक, एका बाजूला प्रतिमा, मध्ये तो अनोळखी उंच मुलगा. ज्या चालण्यासाठी त्र्यंबक तीन वर्षं झुरला, ते मी खुर्चीतून पाहत होते आणि मला पाहवत नव्हतं. टाळ्या वाजत होत्या. चालता चालता त्र्यंबक त्या मुलाशी काहीतरी बोलला. मुलानं आधी हसून उत्तर दिलं. मग त्र्यंबकनं आणखी काही विचारलं, तेव्हा मुलानं खाली मान घातली. फोटोत प्रतिमाच्या हातात फुलं आहेत आणि तिघांपैकी कुणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही.

सामना संपल्यावर पार्किंगमध्ये मी विचारलं, "काय रे बोललास त्याच्याशी?"

"विचारलं, आधीच्या कॉलेजात तुला घरचं कोण जेवू घालायचं. म्हणाला, मिसेस कोवाल्स्की, दर गुरुवारी. खूप प्रेमानं सांगत होता. मग विचारलं, तिला सांगून निघालास का?"

"मग?"

"नाही म्हणाला."

प्रतिमानं गाडीत बसून मांडीवर पर्स घेतली. डबा तिनं उघडलाच नव्हता. त्र्यंबकनं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. समोर पोरं बॅगा खांद्याला लावून जिममधून बाहेर पडत होती, त्यांच्याकडे बघत राहिला.

"उर्वी," तो म्हणाला, "तुझे ते एनबीएवालेच बरे."

इतकी वर्षं हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी भांडत होते. आता ऐकलं आणि मला ते नको होतं.

"असं काय बोलतोस, त्र्यंबक?"

"खरंच. ते निदान जाताना दही मागत नाहीत."