डोक्यावर ढेकूळ घेऊन दिलेली साक्ष

साक्ष नुसत्या तोंडानं देतात, हे असोद्याच्या मंजुळाबाईला साठीत, जळगावच्या कोर्टात कळलं. सन एकतीसची गोष्ट. तोवर तिच्या लेखी साक्ष ही चालायची गोष्ट होती. बांधाचा तंटा झाला की साक्षीदारानं त्याच शेतातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि खरा बांध जिथून जातो तिथून अनवाणी चालायचं. काळ्या आईला डोक्यावर घेऊन वाकडं पाऊल टाकायची छाती कुणाची?

शेजारच्या सुंदरबाईचा नवरा वारला आणि वर्षाच्या आत तिच्या बांधाला लागून शेत असलेल्या तोतारामनं नांगरता नांगरता बांधच सरकवला. दहा हातांची पट्टी गिळली, त्या पट्टीत विहीर. विहीर गेली की बाईची केळी वाळलीच. म्हणून मंजुळाबाई पिंजऱ्यात उभी.

तोतारामचा वकील मिशीत हसला. "आजी, साक्ष म्हणजे काय, कळतं का?"

"कयतं ना, भाऊ! डोयानं पाह्यलं ते चालून दाखवनं. तुम्ही मले फरशीवर उभं केलं. अठी कोठे बांध हाये?"

सगळे खिदळले. मुन्सफ तेवढे हसले नाहीत. जागा बघून लिहून आणायला त्यांनी कोर्टाचा एक तरुण कमिशनर धाडला.

शेतात मंजुळाबाईनं पदर खोचला, ढेकूळ उचललं आणि निंबापासून विहिरीच्या पलीकडून थेट नाल्यापर्यंत सरळ चालत गेली. परत येऊन म्हणे, "आता त्यायचा मानूस चालू द्या."

त्यांचा माणूस रतिलाल. कोर्टाच्या ओट्यावर बसून रोज पैसे घेऊन कुणाच्या ना कुणाच्या बाजूनं 'पाहिलेलं' सांगणारा. जबानी तोंडपाठ, पण शेत जन्मात पाहिलेलं नाही! ढेकूळ डोक्यावर घेऊन ऐटीत निघाला तो थेट तोतारामच्याच कपाशीत घुसला. पाच ओळी सुंदरबाईला देऊन टाकल्या.

"अरे गाढवा, माझ्या कपाशीत कुठं? डावीकडे! डावीकडे!" तोताराम बोंबलला.

"मग काल नीट सांगायचं ना, नाना!" डोळ्यातली माती पुसत रतिलाल खेकसला.

कमिशनरनं दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. निकाल लागला, विहीर सुंदरबाईची.

त्याच दिवशी सुंदरबाई केळीचा घड घेऊन दारात. मंजुळाबाई खवळली.

"साक्षीचा घड खाल्ला त मी अन् तो रतिलाल सारखेच व माय! ने तो वापस. अन् मोट जुप आधी, केयी सुकू राह्यल्या."