माझ्या टॅरोतला नववा पत्ता

सकाळपासून मन लागत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारते.

भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरची विदेशी चित्रं इथे परकी वाटतात, म्हणून मी संगणकावर स्वतःचा पत्त्यांचा संच केला. नवव्या पत्त्यावरच्या कंदीलवाल्या संन्याशाच्या जागी बुद्ध ठेवले.

आज सकाळी पुसदला माझ्या घरी माझी बौद्ध मैत्रीण तो संच बघत होती. नवव्या पत्त्यावर थांबली.

"हे काहून केलं?"

"आदर म्हणून."

"आमच्या आजोबानं धम्म घेताना भविष्य पाहणं सोडलं, अन् तू त्याच कामाले बुद्धाले बसवलं? माझ्या शिलाई मशीनचा स्क्रू बदलाच्या आधी तू धा खेपा इचारतं. मले एक खेप नाही इचारलं?"

चहा न घेताच गेली. फोन उचलत नाही.

तो पत्ता मी संचातून काढून टाकला. पण सम्राज्ञीच्या पत्त्यावर बंजारा तांड्यावरच्या एका आजींचा फोटो आहे. त्यांनाही विचारलेलं नाही. आधी कुणाकडे जाऊ?