घोडकाठच्या टोळीतली आम्ही तिघं

आमच्या गप्पांचं एक वाईट आहे. एक किस्सा सुरू केला की दुसरा मधेच तोंड वर काढतो, आणि तो संपायच्या आत तिसरा. शिक्रापूरच्या चौकातल्या हॉटेलात आम्ही तिघं महिन्यातनं एकदा चहाला बसतो. बाहेर ट्रकांचे हॉर्न चालू असतात, त्यामुळे निम्मे किस्से ओरडूनच सांगावे लागतात!

आम्ही म्हणजे 'घोडकाठची टोळी' या कॉमेडी सिरीजमधली पहिली पोरं. घोड नदीच्या काठी, शिरूरला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या आप्पांनी ती सुरू केली. लोक मोबाईलवर बघायचे, अजूनही बघतात. पोरं मोठी झाली की आप्पा नवी पोरं घेतात, नावं मात्र तीच ठेवतात. मी पहिली ढमी, वैभव पहिला भोपळ्या, समीर पहिला बोळक्या. आता मी मार्केट यार्डात कॉम्प्युटरवर बसते, समीर शिक्रापूरला एका कंपनीत आहे आणि वैभव कुरकुंभला शिफ्टमध्ये.

*

समीरला रोल मिळाला तो दातांमुळे. म्हणजे नसलेल्या दातांमुळे! पुढचे दोन पडलेले. "सरपंच, साप सापडला!" हा डायलॉग तो "थरपंच, थाप थापडला!" असा म्हणायचा आणि पब्लिक लोटपोट.

मग दात यायला लागले. आप्पा दर रविवारी त्याचं तोंड उघडून बघायचे. "आरं, थांबीव की जरा! दिवाळीचा एपिसोड ऱ्हायलाय."

समीर रडकुंडीला आला. "आप्पा, मी जिभंनं आत ढकलतोय, पर त्येच भाईर येत्यात!"

दिवाळीनंतरच्या रविवारी दुसराच एक पडक्या दातांचा पोरगा आला. समीर गुपचूप घरी गेला आणि आईला म्हणाला, "आई, दात परत कवा पडत्यात?"

"म्हातारपणी."

"मग तवा घेतील का मला?"

*

वैभवचा डायलॉग होता, "आई गं, माझं प्वाट!" काम टाळायचं असलं की भोपळ्या पोट धरून लोळायचा. शाळेत, यष्टीत, लग्नात, लोक त्याला तेवढंच म्हणायला लावायचे.

एकदा मामाच्या गावी, दौंडला गेला असताना त्याचं खरोखर पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स! मामा त्याला उचलून दवाखान्यात घेऊन गेला. हा पोट धरून ओरडला, "आई गं, माझं प्वाट!" आणि बाकांवर बसलेले सगळे पेशंट हसायला लागले. एका आजीनं तर टाळ्या वाजवल्या. दोघं-तिघं मोबाईल काढून शेजारी उभे राहिले.

वैभव घामानं भिजलेला. तरी म्हणाला, "फोटू काढा, पर आधी डॉक्टरला हाक मारा!"

त्यावर लोक अजूनच हसले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "आप्पांनी माझ्या जागी कुणाला घेतलं का?"

*

आम्हाला कॅमेऱ्यासमोर रडायला यायचं नाही. चिमटे काढून झाले, कांदा झाला. शेवटी आप्पा तोंड पाडून म्हणाले, "पोरांनो, आज ह्यो शेवटचा एपिसोड. उद्यापासून टोळी बंद."

आम्ही असे रडलो की काय सांगू! कॅमेरा धरणारा आप्पांचा पुतण्यापण रडला. टेक ओके झाल्यावर आप्पा हसत म्हणाले, "आरं, थापा मारल्या मी!"

पुढं वैभवचा आवाज फुटला. दोन एपिसोड भोपळ्याला सर्दी झाल्याचं दाखवून ढकलले. तिसऱ्या वेळी आप्पांनी त्याला नदीच्या कडेला नेलं, खांद्यावर हात ठेवला. "वैभ्या, आज तुझं शेवटचं शूटिंग."

वैभव हसला. "आप्पा, आवो कॅमेरा तर बंद हाय. मग आत्ताच कशाला रडवताय?"

आप्पांनी खांद्यावरचा हात तसाच ठेवला.

*

माझं कारण वेगळं. मी बारा वर्षांची झाले आणि आई म्हणाली, "पोरांसंगं झाडावर चढणं बास झालं आता." माझा पिवळा फ्रॉक आप्पांकडे परत गेला. तो नव्या ढमीला जरा सैल व्हायचा, पाठीमागं पिना लावायचे.

एका रविवारी दळण आणायला म्हणून निघाले आणि शूटिंगच्या गर्दीत मागं जाऊन उभी राहिले. पारावर सीन चाललेला. नव्या ढमीनं तोंड उघडलं, पण डायलॉग विसरली. नुसतेच ओठ हलले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पळा रं, मास्तर आलं!"

सगळी गर्दी मागं वळली. मी दळणाचा डबा तोंडासमोर धरला. आता रागावतात की काय!

आप्पांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुतण्याला म्हणाले, "टेक ओके. ह्योच आवाज ऱ्हाऊ दे."

तो एपिसोड अजून नेटवर आहे. पोरगी ती, आवाज माझा. माझ्या आईला अजून कळलेलं नाही!

*

हा किस्सा वैभवनं गेल्या महिन्यात सांगितला. आता तो काडीसारखा बारीक आहे, दाढी ठेवतो. कंपनीत कुणाला काही माहीत नाही.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये शेजारी बसलेला बिहारचा सुनील मोबाईल बघत हसत होता. "अरे भाई, इस मोटू को देखो! मराठी समझ में नहीं आती, फिर भी हँसी आती है."

वैभवनं बघितलं. पहिल्या वर्षीचा एपिसोड. नदीच्या वाळूत भोपळ्या, ढमी आणि बोळक्या.

"क्या बोल रहा है ये?" सुनीलनं विचारलं.

"बोल रहा है, मेरे को घर नहीं जाना."

"और वो लड़की?"

"बोल रही है, मैं भी नहीं जाऊँगी."

तेवढ्यात एपिसोडमध्ये लांबून आईची हाक आली, "भोपळ्याऽऽ, अंधार पडला! बास झाला खेळ, चल घरी!"

"ये कौन? माँ है क्या? क्या बोली?"

वैभवनं डब्याचं झाकण लावलं.

"बोली, अभी बहुत टाइम है. खेलो."