‘येते’ला इंग्रजीत काय म्हणायचं

कराडला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर माझी रूममेट इथिओपियाची होती. तिला मराठीचा गंध नाही, मला तिच्या भाषेचा. मधे उरलं इंग्रजी, तेही दोघींना परकंच. मी वडूजची, दहावीपर्यंत मराठी शाळेतली. ‘यस’, ‘नो’ आणि हातवारे, एवढ्यावर आमचा संसार सुरू झाला.

इंग्रजीत भांडून बघा एकदा! अर्धा राग शब्द शोधण्यातच जातो. तिला पंखा पाचवर हवा, मला बंद. ‘यू आर... यू आर...’ करून माझी गाडी अडायची. मग मी सरळ सुटायचे, “अगं ए भवाने, गारठून मरायला लागलीय मी हितं!” तीही तिच्या भाषेत सुरू व्हायची. तेव्हा कुठं भांडण मनासारखं व्हायचं, आणि दोघी हसत सुटायचो. इतकं मोकळं भांडायला आता कुणी नाही. लय आठवण येते तिची.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला तिची गाडी पुण्याला, विमानतळावर जाणार होती. मला न्यायला वडील सकाळीच जीप घेऊन आले. खालून हॉर्नवर हॉर्न. मिठी मारली तर रडू फुटणार म्हणून मी पिशवी उचलली आणि दारातूनच म्हटलं, “ओके, आय कम.”

आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. लहानपणी एकदा म्हटलं, तर आईनं पाठीत धपाटा घातला होता. “जाते न्हाई, येते म्हणावं!” तेच जिभेनं इंग्रजीत करून टाकलं. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही.

साडेचारला वडूजला चहा पीत होते, तर तिचा फोन.

“व्हेअर आर यू? ड्रायव्हर इज अँग्री. आय टोल्ड हिम, माय सिस्टर इज कमिंग.”

अगं आई गं! बाई सकाळपासून माझी वाट बघत होती. वडूजहून कराड गाठेपर्यंत विमान तिच्यासाठी थांबणार होतं थोडंच! आमच्यात असं म्हणायची रीत आहे, हे सांगायला गेले, तर एक वाक्य धड जुळेना.

“सो... यू आर नॉट कमिंग?”

“नो,” मी म्हणाले. चार वर्षांत एवढं बिनचूक इंग्रजी मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.